बॉक्स नंबर सातचं टपाल

जाहीर नोटीस. तमाम लोकांस या नोटिशीने कळविण्यात येते की, खाली लिहिणार इसम, वय पन्नाशीच्या पुढे, धंदा पूर्वी नोकरी व हल्ली गप्पा, राहणार नगर, याने नव्वदचे जवळजवळ सबंध दशक एका जिल्हा दैनिकाच्या छोट्या जाहिरातींच्या खिडकीत बसून काढलेले आहे. सदर खिडकीतून त्याने घरे भाड्याने दिली, म्हशी विकल्या, लग्ने जुळवली, नावे बदलली आणि हरवलेली माणसे हुडकली. यांपैकी कशावरही त्याची मालकी नव्हती व नाही. तरी पुढील कथनाबाबत कोणाचा हक्क, हितसंबंध वा हरकत असल्यास हा अंक हाती पडल्यापासून सात दिवसांत लेखी कळवावे. न कळविल्यास हरकत नाही असे समजून कथन चालू करण्यात येईल.

हरकत आली तरी चालू करण्यात येईल. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नोटिसा फुकट सजवून दिल्या, एक स्वतःची दिली तर कुणाचं काय गेलं?

आता खिडकी म्हणजे काय ते सांगतो. माळीवाडा स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर आमची कचेरी. रस्त्याच्या बाजूला लोखंडी जाळी, जाळीला हात जाईल एवढं भोक. बाहेर रांग, आत मी. माझ्या पाठीमागे चोवीस खणांचं लाकडी कपाट. पूर्वी पेपर शिशाचे खिळे जुळवून छापत. ते दिवस गेल्यावर खिळे ठेवायच्या लाकडी पेट्या रिकाम्या झाल्या, त्यांच्या फळ्या काढून सुताराने ते कपाट ठोकलं होतं. हात फिरवला की बोटाला अजून काळं लागायचं.

माणूस यायचा, काय हवं ते सांगायचा, मी ते पंधरा शब्दांत बसवायचो. सोळाव्या शब्दाला जादा आकार. त्यामुळे माझ्या खिडकीत जितकी काटकसर मी पाहिली तितकी लग्नघरातही पाहिली नाही. एका बाईंनी नोटीस दिली की माझ्या यजमानांशी कुणी व्यवहार करू नये. दुसऱ्या दिवशी यजमान आले, उत्तर द्यायला. मी लिहून घेतोय तोवर बाई मागून आल्या आणि म्हणाल्या, "ह्यांचे दोन शब्द कमी करा, उगाच पैसे जातात." दोघं एकाच सायकलवरून घरी गेले.

हिवरे बाजारचे एक शेतकरी म्हैस विकायची जाहिरात घेऊन आले. मी आपला रंगात आलो, "दुधाळ, देखणी, गरीब स्वभावाची." ते म्हणाले, "आन एक सड बारीक हाय, ते बी लिवा."

"अहो, दोष कुठं छापतात का कुणी?"

"न छापून कसं जमंल? घेनारा उद्या ग्रामसभेत उभा ऱ्हाऊन इचारंल, तवा तुमी येनार हाय का?"

छापला. त्या खिडकीत बसून मी हजारो जाहिराती लिहिल्या असतील. आपल्या मालाचं वैगुण्य पदरचे शब्द खर्चून छापणारा माणूस तो एकच. म्हैस आठवड्यात विकली गेली. त्यातून मी काही शिकलो असतो तर पुढचं सांगायची वेळ आली नसती.

मला शिकायची हौस कमी आणि नाटकाची जास्त. आमच्या चर्चमध्ये नाताळच्या नाटकात बाळ येशूच्या जिवावर उठलेला हेरोद राजा ओळीने नऊ वर्षं मीच. आवाज असा की मागच्या बाकावरची पोरं रडायची. खिडकीतही मी हेरोदच होतो. 'भिंगारदिव्यांनी लिहिलेली जाहिरात' म्हणून लोक मुद्दाम माझ्या वेळेत येत, आणि मला त्याची घमेंड होती हे आता कबूल करायला हरकत नाही. सगळी जिरून गेली ती घमेंड.

त्या कपाटाचं काम असं. काहींना आपला पत्ता छापायचा नसतो. मुलीचं लग्न, नोकरीसाठी माणूस, जमिनीचा वाद. त्यांना आम्ही एक खण द्यायचो. जाहिरातीत छापायचं, 'लिहा: बॉक्स नं. अमुक', आणि खाली आमच्या दैनिकाचा पत्ता. पत्रं आमच्याकडे येत, मी ती त्या त्या खणात टाकायचो. जाहिरातदार आठवड्याने यायचा, पावती दाखवायचा, गठ्ठा न्यायचा. नाव विचारायचं नाही. पावती दाखवेल त्याला टपाल, हा नियम.

आणखी एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण माझ्या आधी खिडकीत बसणाऱ्या म्हाताऱ्याने तो मला शपथेवर सांगितला होता. एखाद्या जाहिरातीची मुदत संपली की तिचा नंबर लगेच दुसऱ्याला द्यायचा नाही. दोन महिने खण रिकामा ठेवायचा. "नंबर थंड होऊ द्यायचा," म्हातारा म्हणायचा. कारण पेपर आज वाचला जातो असं फक्त संपादकाला वाटतं. खेडोपाडी तो महिन्याने वाचला जातो, दुकानातल्या पुडीचा कागद होऊन वाचला जातो. उशिरा लिहिणाऱ्याचं पत्र भलत्याच्या हाती पडू नये म्हणून नंबर थंड करायचा.

तर एका शनिवारी राखाडी सफारीतले एक गृहस्थ आले. काखेत रेक्झिनची बॅग, अंगाला अत्तर, बोलणं असं गुळगुळीत की माशी बसली तर घसरेल. पुण्याहून आले होते. 'मैत्री मंडळा'चे संचालक म्हणाले स्वतःला. मीही त्यांना शेवटपर्यंत संचालकच म्हणत आलो. चिठ्ठीवर मजकूर होता: 'एकट्या पुरुषांसाठी मैत्रीण मिळेल. गुप्तता पाळली जाईल. आजच लिहा.' त्यात बॉक्स आणि नंबर धरून अकरा शब्द.

मी काही दुधखुळा नव्हतो. ही कसली मैत्री ते वासावरूनच कळत होतं. म्हणून आत मालकांकडे गेलो. आमचे मालकच संपादक. पांढरा शर्ट, पानाचा डबा, आणि प्रत्येक गोष्टीला एक उपमा.

"घ्यायची का ही?"

"भिंगारदिवे," पान लावता लावता ते म्हणाले, "आपण कोण? आपण भिंत. भिंतीवर रात्री येऊन कुणी काही चिकटवलं म्हणून पोलीस भिंतीला धरून नेतात का?"

"भिंत पैसे घेत नाही, मालक."

"मग खाली ओळ टाका. जाहिरातीतील मजकुराची वाचकांनी स्वतः खातरजमा करावी, दैनिक जबाबदार नाही."

ओळ टाकली. इतक्या बारीक टायपात, की खातरजमा करायची तर आधी भिंग आणावं लागावं.

आणि मग मी जे केलं ते मालकांनी सांगितलं नव्हतं. पैसे पंधरा शब्दांचे, मजकूर अकरा शब्दांचा. चार शब्द फुकट जाताहेत हे माझ्यातल्या कारागिराला बघवेना. मी पेन उचललं आणि मैत्रिणीच्या आधी चार शब्द घातले: सुशिक्षित, मनमोकळी, सोज्वळ, घरंदाज. संचालकांनी वाचलं आणि त्यांचे डोळे ओले झाले म्हणा ना. "घरंदाज! वा, साहेब! हे आम्हाला नसतं सुचलं." खरं होतं. तो शब्द माझा.

शिवाय त्यांना नंबर सातच हवा होता. कुणा ज्योतिषाने सांगितलेला. सात नंबर आठवड्यापूर्वीच मोकळा झाला होता. त्यावर कोपरगावच्या एका इंजिनियर मुलासाठी वधू पाहिजे अशी जाहिरात होती. थंड व्हायला अजून सात आठवडे. पण तारीफ ऐकून मी फुगलेलो. दिला सात. 'विहीर खोदून मिळेल' आणि 'टायपिंग शिका' यांच्या मधोमध आमची घरंदाज मैत्रीण छापून आली.

आधी आले केडगावचे काका. रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झालेले, बायको जाऊन वर्ष झालेलं. केस चापूनचोपून बसवलेले, हातात शेवचिवड्याचा पुडा. जाळीशी वाकून हळूच म्हणाले, "बाई आल्यात का?"

मला कळेना. मग कळलं. जाहिरातीत पत्ता आमच्या कचेरीचा, तेव्हा मैत्रीणही इथंच बसत असणार असा त्यांचा हिशेब. मंडळाला फी पाठवून सभासद झाले होते म्हणे, पुढे काही उत्तर नाही, म्हणून स्वतः आले. रांगेतले लोक ऐकत होते आणि माझ्यात हेरोद जागा झाला. मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "बाई आज रजेवर आहेत. पुढच्या शनिवारी या."

रांग हसली. काका मान डोलावून गेले. आणि पुढच्या शनिवारी आले, पुडा घेऊन. त्याच्या पुढच्या शनिवारीही आले. तिसऱ्या खेपेला मला हसू येईना. मी सांगून टाकलं की काका, ते मंडळ आमचं नाही, त्यांचं काही खरं नाही, तुम्ही फसलात.

त्यांनी जाळी धरली. "मी बावीस वर्षं तुमचा पेपर घेतोय," ते म्हणाले. "म्हणून तर लिहिलं. नाही तर असल्या भानगडीत मी कशाला पडतो? मला नुसतं बोलायला कुणी हवं होतं हो संध्याकाळचं." शेवचिवड्याचा पुडा भोकातून आत सरकवून गेले. मी तो खाल्ला, हेही लिहून ठेवतो.

मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "ओळ टाकली आहे ना?"

याच सुमारास सात नंबरसाठी एक पाकीट आलं. बाकीची पाकिटं निळसर, पातळ, मागे नाव नसलेली. हे जाड, पिवळं, आणि चारही कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं. लग्नाच्या पत्राला लावतात तशी. त्या क्षणी माझं डोकं जागेवर असतं तर! कोपरगावच्या इंजिनियरसाठी उशिरा आलेलं पत्र आहे हे खिडकीसमोरच्या कुत्र्यालाही कळलं असतं. मी काय केलं? हसलो. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना पाकीट दाखवून म्हणालो, "बघा, मैत्रीलाही मुहूर्त लागायला लागला." आणि खण सातमध्ये टाकलं. शनिवारी संचालकांनी पावती दाखवली, मी गठ्ठा दिला. वर ते पिवळं पाकीट.

पंधरवड्यानंतरच्या शनिवारी अकराच्या सुमाराला खिडकीशी एक पन्नाशीचा माणूस उभा राहिला. धोतर, टोपी, स्वच्छ शर्ट. मागे त्याची मुलगी, नवं पातळ, हातात कापडी पिशवी. पिशवीतून नारळाची शेंडी दिसत होती.

"रामराम. मला बापू म्हनत्यात. पुनतांब्याहून आलोय. साखर कारखान्यात काट्यावर हाय मी. ही माझी रोहिनी, बालवाडीवर शिकवती. ते सात नंबरवालं पाव्हनं कोन, कसं, येवढं इचारायचं हुतं."

"कसले पाहुणे?"

त्यांनी खिशातून दोन कागद काढले. एक पेपरचा तुकडा, तेलाचे डाग पडलेला. किराणा दुकानातून शेंगदाणे आणले त्या पुडीचा. त्यावर कोपरगावच्या इंजिनियरची जाहिरात, बॉक्स नंबर सात. दुसरं पत्र, टाइप केलेलं, माथ्यावर '॥ श्री ॥'. 'आपले पत्र व फोटो पोहोचले. फोटो मंडळात सर्वांना पसंत आहे. पुढील बोलण्यासाठी मुलीस घेऊन रविवारी पुण्यास यावे. सोबत एकच व्यक्ती असावी.' खाली पुणे स्टेशनजवळच्या एका लॉजचा पत्ता, खोलीच्या नंबरासकट.

मी लॉजचा पत्ता पुन्हा वाचला.

"फोटो पसंत हाय म्हनत्यात," बापू म्हणाले. "भावकीत पेढं वाटलं. आज ऱ्हायला भिंगारला मेव्हन्याकडं, उद्या पाटंची गाडी."

"बोलणी लॉजवर?" मी कसंबसं विचारलं.

"मीही तेच म्हणतेय घरापासून," रोहिणी म्हणाली. "लग्नाची बोलणी लॉजवर कोण करतं? आणि सोबत एकच माणूस का?"

"शहरात तशी रीत आसंल, पोरी. आन पेपरवाल्यांनी चौकशी केल्याबिगर का छापलं आसंल?" बापू माझ्याकडे वळले. "म्हनूनच म्हनलं वाटंत नगर लागतंय, तुमच्याकडनं खातरी करून घ्यावी. तुमी म्हनलं की झालं."

वाचकहो, आम्ही सहा पॉइंट टायपात छापली होती ती खातरजमा करायला हा एकच माणूस आला, आणि आला तो माझ्याकडे. मी म्हणालो, "बसा, रजिस्टर बघतो," आणि मालकांच्या खोलीत पळालो.

मालकांनी सगळं ऐकलं. पान लावायचे थांबले. मग म्हणाले, "असं सांगा, की स्थळ मोडलं. मुलाचं दुसरीकडे जमलं. ते घरी जातील, पोरगी वाचेल, आपल्यालाही तोंड दाखवायला जागा राहील. खोटं नाही हे, भिंगारदिवे, ही दया आहे."

मलाही ते पटलं. बघा ना, किती सोपं होतं. कुणाचं काही बिघडत नव्हतं. मी बाहेर आलो, चेहरा पाडला, आवाज खाली घेतला. "बापू, सांगायला वाईट वाटतं. ते स्थळ कालच दुसरीकडे जुळलं."

बापू पायरीवर बसले. "आन ह्ये पत्र?"

"शहरातले लोक. आज एक, उद्या एक."

"पेढं वाटलं वो मी," ते म्हणाले. एवढंच.

रोहिणीने मात्र माझ्यावरची नजर काढली नाही. "बरं. मग माझा फोटो द्या परत."

"पाठवतील ते."

"कोण पाठवणार? आमच्याशी त्यांना काही कर्तव्य नाही आता. तुमच्या बॉक्सात टाकला होता, तुम्हीच आणून द्या. फोटो गावभर फिरवायला काढला नव्हता मी."

मी रजिस्टर उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. आणि कुठल्याही नाटककाराला जमणार नाही अशा मुहूर्तावर अत्तराचा वास आला. शनिवार होता. राखाडी सफारी, काखेत बॅग. संचालकांनी पावती भोकातून आत सरकवली. "आपलं सात नंबरचं टपाल?"

बापू ताडकन उठले. "सात नंबर? म्हंजी तुमीच का ते पाव्हनं?" त्यांनी हात जोडले. "आमी पुनतांब्याचं. ही रोहिनी. स्थळ मोडलं म्हनत्यात ह्ये, खरं का?"

संचालकांनी क्षणभर बापूंकडे पाहिलं, मग रोहिणीकडे. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी आजही विसरलेलो नाही. म्हैस बघायला आलेला माणूस इतकं निरखून बघत नाही. "छे छे, कोण म्हणतं मोडलं?" ते गुळगुळीत आवाजात म्हणाले. "उलट बरं झालं, इथंच भेट झाली."

बापूंचा चेहरा असा उजळला! त्यांनी पिशवीतून नारळ काढला, त्यावर हातरुमाल ठेवला आणि दोन्ही हातांनी त्या माणसाच्या पुढे धरला. संचालकांनी तो घेण्यासाठी हात पुढे केला.

"नारळ खाली ठेवा!"

हे मी ओरडलो. नऊ वर्षं हेरोद केला पण असा आवाज मला कधी लागला नव्हता. रांग मागे सरली. मालक खोलीच्या दारात आले.

मग मी जाळीआडून सगळं सांगितलं. की बापू, हे मुलाकडचे नाहीत, एकट्या पुरुषांना मैत्रीण पुरवणाऱ्या मंडळाचे आहेत. तुमचं पत्र इंजिनियरच्या जाहिरातीला होतं, पण तो नंबर मी ह्यांना देऊन बसलो होतो. घाई माझी. पाकिटावर हळदीकुंकू होतं, मी पाहिलं होतं, तरी ह्यांच्या खणात टाकलं. स्थळ मोडलं हेही खोटं. स्थळ नव्हतंच.

बापूंना अर्थ लागेना. ते नारळ धरूनच उभे. रोहिणीला लागला. "म्हणजे हे पुरुषांना बायका दाखवतात," ती म्हणाली. स्पष्ट, बालवाडीत शिकवावं तसं.

संचालक म्हणाले, "गैरसमज होतोय. माझ्याकडे पावती आहे. माझं टपाल द्या, मला गाडी आहे."

"आधी फोटो," मी म्हणालो. "मग टपाल."

"हे बेकायदेशीर आहे."

"तुमच्या तोंडून कायदा ऐकून बरं वाटलं. पावती टपालाची आहे. फोटो काढा."

खण सातमधला गठ्ठा मी हातात धरला होता. त्यात त्यांच्या पुढच्या महिन्याची भाकरी होती. रांगेतला एक दांडगा गडी मजेने त्यांच्या मागे येऊन उभा राहिला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बॅगेची चेन ओढली. आत फोटोंचा अल्बम, लग्नाच्या फोटोंना असतो तसा, जाड पानांचा. रोहिणीने तो त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि उघडला. चौथ्या की पाचव्या पानावर ती होती. स्टुडिओतल्या रंगवलेल्या बागेपुढे, वेणी पुढे घेऊन. खाली कागदाची पट्टी: 'कु. मोना, पुणे. घरंदाज.'

माझा शब्द.

बापूंनी पाहिलं नाही. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले होते.

मालक पुढे आले आणि म्हणाले, "पोलिसांत जायचं का?" ज्या आवाजात त्यांनी विचारलं त्यात उत्तर होतंच.

"नगं," बापू भिंतीकडेच बघत म्हणाले. "गावात कळंल. पोरीचं नाव व्हईल."

रोहिणी काही बोलायला गेली. बापूंनी न वळताच हात वर करून तिला थांबवलं.

आणि मी? मी संचालकांना टपाल दिलं. फोटोच्या बदल्यात टपाल, असा शब्द दिला होता ना! आजवर मी पुष्कळ शब्द मोडले. त्या माणसाला दिलेला मात्र इमानेइतबारे पाळला. त्या गठ्ठ्यात किती काका होते, कुणाकुणाचे फोटो होते, देव जाणे. हातातला गठ्ठा फाडला असता तर नोकरी गेली असती, एवढंच. ती तशीही पुढे गेलीच.

मंडळाची जाहिरात महिनाभर बंद राहिली. मग एका जाहिरात एजन्सीमार्फत दुसऱ्या नावाने आली. मजकूर अगदी माझाच, पंधरा शब्द, 'घरंदाज'सकट. माझी चोरी करून मलाच छापायला धाडलेली. मालक म्हणाले, "एजन्सीचं आहे, आपल्याला कशाला हवंय?" मी 'घरंदाज' खोडलं आणि छापली. ही माझी क्रांती. नंबर मात्र पुढे एकही दोन महिन्यांच्या आत दिला नाही. आता त्याचं कौतुक कुणाला सांगू?

हल्ली जाहिराती मोबाईलवर असतात. खिडकी नाही, रांग नाही, कपाट नाही. भाचा मला दाखवतो: मैत्री, मालिश, सोबत, कुणाचाही फोटो, कुणाचंही नाव. फसलेला माणूस विचारायला गेला की साइटवाले म्हणतात, आम्ही फक्त फळा आहोत, लिहिणारा वेगळा. ऐकलं की मला पानाचा वास येतो. मला कायदा कळत नाही. मी पंधरा शब्दांपुरता माणूस. पण भिंतीआड कुणीतरी बसलेलं असतं, त्याने पैसे घेतलेले असतात, नंबर दिलेला असतो, जमलं तर चार चांगले शब्दही घालून दिलेले असतात, एवढं मी शपथेवर सांगू शकतो. तो माणूस मी होतो. मला विचारायला पुणतांब्याहून बापू आले, म्हणून निदान मला तोंड फिरवता आलं नाही. त्या साइटवाल्यांची खिडकी कुठल्या गावात आहे, हे बापूंसारख्याने कुणाला विचारावं?

असो. थकायला होतं ह्याचा विचार करून.

त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. रोहिणीने नखाने आपला फोटो उकलला, पट्टीचे तुकडे केले. फोटोचा एक कोपरा फाटला. संचालकांनी अल्बमसाठी हात पुढे केला होता, बापू पायरीवरून "चल, चल" म्हणत होते, मालक घड्याळ बघत होते, आणि मी गठ्ठ्याला दोरी बांधत होतो. ती निघेना. अल्बम छातीशी धरून ती एकेक पान उलटत होती. परिचारिकेच्या टोपीतली एक. शेजारचा माणूस कात्रीने कापून टाकलेली एक, त्याचा हात अजून तिच्या खांद्यावर. आणि तीच स्टुडिओतली बाग, तशीच पुढे घेतलेली वेणी, कितीतरी जणी. आमच्या वधू-वरच्या टपालात येतात तसलेच फोटो.

तिने मान वर केली. रांगेकडे, मालकांकडे, माझ्याकडे पाहिलं आणि साऱ्या कचेरीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "अहो, मग ह्या बाकीच्यांना न्यायला कोण यायचंय?"